एका कोंबड्याचे देणे

विद्यापीठाने पदवी दिली आणि रेल्वेने सवलत काढून घेतली. २००४ च्या जुलैत आमचा एम.ए. मराठीचा निकाल लागला, प्रथम वर्ग मिळाला, आणि तळेगाव ते शिवाजीनगर हा जो मासिक पास आम्ही पाच वर्षे निम्म्या दरात काढत आलो होतो, त्याच्या खिडकीवर प्रश्न आला, "बोनाफाईड?" आम्ही गुणपत्रिका दाखविली. खिडकीतल्या गृहस्थांनी ती सहानुभूतीने पाहिली व पूर्ण दराचे पैसे मागितले. बोनाफाईड या शब्दाचा अर्थ 'खराखुरा'. शिकत असेपर्यंत माणूस खराखुरा असतो, शिक्षण संपले की तो कोण असतो याविषयी रेल्वेचे काही मत नसावे. घरच्यांचे मात्र होते.

(वाचकांच्या लक्षात आलेच असेल की हे 'आम्ही' एकवचनी आहे. जुन्या विनोदी निबंधांच्या अभ्यासाने आम्हाला जे थोडे मिळाले त्यात हे एक सर्वनाम आहे. ते सोडवत नाही.)

त्या वर्षी आम्ही गावाला फारच उपयोगी पडलो. तीन लग्नपत्रिकांचे मजकूर, एक दशक्रियेचे निवेदन, सहकारी पतपेढीच्या अध्यक्षांचे स्वातंत्र्यदिनाचे भाषण, आणि एका बंगल्याच्या पाटीवर 'आशीर्वाद'मधला 'शी' दीर्घ की ऱ्हस्व याविषयीचा निवाडा, ही सर्व कामे चहाच्या मोबदल्यात पार पडली. निवाडा मान्य झाला नाही. पाटी अगोदरच कोरून आली होती. "मराठीत एम.ए. म्हणजे नक्की काय केलंस? मराठी तर येतच होतं ना तुला?" असे एका काकांनी विचारले, तेव्हा आम्ही हसलो. हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या पेपरात आला असता तर आम्ही वीस गुणांचे उत्तर लिहिले असते.

'सेट'ची परीक्षाही दिली होती. तेव्हा पहिल्या दोन पेपरांत ठरावीक गुण मिळाले नाहीत तर तिसरा, लिहायचा पेपर उघडूनही पाहत नसत. आमचा तिसरा पेपर उत्तम गेला होता. तो कोणी वाचला नाही. आमच्या लेखनाच्या वाट्याला हा योग पुढेही अनेकदा आला, परंतु पहिल्या वेळेचे दुःख वेगळे असते.

अशात सप्टेंबरात लोणावळ्याच्या बाजूच्या एका महाविद्यालयाचे पत्र आले. तासिका तत्त्वावर मराठीची एक जागा, आठवड्याला सहा तास, मुलाखत मंगळवारी दुपारी तीनला. आईने पत्र देवापुढे ठेवले आणि मग शांतपणे जाहीर केले की आमच्या नोकरीसाठी तिने एकवीरेला कोंबडा बोलला आहे. आम्ही म्हणालो, "नोकरी लागल्यावर फेडू." आई म्हणाली, "लागल्यावर देणारे पुष्कळ असतात. तू आधी दे. वाटेतच तर आहे." भूगोल तिच्या बाजूचा होता. तळेगावहून लोणावळ्याला जाताना शेवटून दुसरे स्थानक मळवली, आणि मळवलीला उतरले की कार्ले. घरचा, तांबड्या पिसांचा, अत्यंत स्वाभिमानी असा एक कोंबडा सुतळीने पाय बांधून आमच्या शबनम पिशवीत बसविण्यात आला. साहित्याच्या विद्यार्थ्याची ओळख असलेल्या त्या पिशवीने यापूर्वी समीक्षाग्रंथ वाहिले होते. वजनात फारसा फरक नव्हता. हालचाल मात्र अधिक होती.

सोबतीला आमचे वर्गमित्र होते. त्यांना येथे समीक्षक म्हणू. एका खोलीत दोन वर्षे राहिलो असल्यामुळे त्यांचे खरे नाव लिहिण्याचा अधिकार आम्हाला आहे, पण धैर्य नाही. समीक्षक म्हणाले, "तू मुलाखतीला जा, मी चैत्यगृह पाहीन, मग तुझ्याबरोबर लोणावळ्यापर्यंत येईन. कंपनी." लोकलमध्ये त्यांनी आमची तयारी करून घेतली. मराठीतला पहिला शिलालेख कोणता? आम्ही श्रवणबेळगोळ म्हणताच ते खवळले. "ते जुन्या गाईडात. अक्षी! अलिबागजवळचं अक्षी, शके ९३४, म्हणजे १०१२. तुळपुळ्यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' १९६३ साली आलाय, आणि तू अजून बेळगोळला बसलायस." शेजारच्या दूधवाल्याने कोंबड्याकडे व नंतर आमच्याकडे पाहिले. आम्ही अक्षी पाठ केले.

मळवलीहून इंद्रायणी ओलांडून, जुना पुणे-मुंबई रस्ता पार करून वेहेरगावच्या पायथ्याशी पोहोचेपर्यंत अकरा वाजले. पायऱ्या साडेतीनशेच्या आसपास आहेत असे म्हणतात. आम्ही मोजताना दोनदा चुकलो, कारण मधूनमधून पिशवी भांडत होती. मंगळवार असल्याने देवीच्या दर्शनाची रांग जिन्यापर्यंत आली होती. ओट्या, नारळ, गुलाल, मुंबईहून आलेली कोळी कुटुंबे, एका मावशींच्या अंगावरचे ठसठशीत सोने, आणि रांगेत आमच्याशिवाय कोणालाही घाई नाही. समीक्षक म्हणाले, "तासभर हलत नाही ही. चल, तोवर चैत्यगृह." तिकीट पाच रुपये. पहारेकऱ्याने विचारले, "देवीला आलात की लेणी बघायला?" या प्रश्नाचे खरे उत्तर 'मुलाखतीला' असे होते. आम्ही दहा रुपये भरले.

कार्ल्याचे चैत्यगृह आम्ही शाळेच्या सहलीत पाहिले होते, म्हणजे त्यात डबा खाल्ला होता. त्या दिवशी ते प्रथम पाहिले. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे १२४ फूट लांब. भारतातले हे सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, त्यांच्या माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती व त्यांवर बसलेली जोडपी. स्तूपामागचे सात खांब मात्र साधे, अष्टकोनी, जणू मागे कोण बघणार असा विचार करून सोडलेले. वर दगडाच्या कमानीला लाकडाच्या फासळ्या आहेत. त्या मूळच्या, दोन हजार वर्षांच्या सुमाराच्या आहेत, हे समीक्षकांनी सांगितले तेव्हा आम्ही पावसाळ्यात दरवर्षी फुगणारे आमच्या घराचे दार आठवून गप्प झालो.

मग त्यांनी खांबांवरची अक्षरे दाखविली. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. एम.ए.च्या दोन वर्षांत मराठीच्या उत्पत्तीवर आम्ही चाळीस पाने लिहिली असतील. त्या भाषेच्या आजीचे अक्षर समोर होते आणि आम्हा दोघांपैकी एकालाही त्यातला 'क' ओळखता येत नव्हता. समीक्षक पुस्तकातून उतरवून आणलेली वही पाहून सांगत होते. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पुरे केले आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचे कोरून ठेवले. (आत्मप्रशंसा मराठी समीक्षेत कोठून आली याचा हा एक धागा असू शकेल.) बाहेरचा सिंहस्तंभ गोतीपुत्र अग्निमित्रणक या महारठीचा. पण आम्हाला धरून ठेवले ते लहान दात्यांनी. धेनुकाकट या गावच्या एका गंध्याने दाराचा भाग दिला. वेणुवासाचा मुलगा सामी या सुताराने ते दार घडविले. त्याच धेनुकाकटचे यवन, म्हणजे परदेशातून येऊन येथे स्थिरावलेले लोक, एकेक खांब देऊन गेले. या धेनुकाकटाचा शोध घेणारा लेख दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९५५ मध्ये लिहिला. घाटावरच्या जुन्या व्यापारी वाटा आणि देवींची ठाणी यांचा मेळ त्यांनी पुढे 'मिथ अँड रिअॅलिटी'त (१९६२) घातला आहे. म्हणजे लेण्याच्या दारातली एकवीरा आणि खांबावरचा गंधी एकाच रस्त्याची माणसे. गंध्याला काय मिळाले? त्याच्या गावाचे नाव आणि धंदा, दोन्ही दगडावर राहिले. आमच्या बायोडाटात गाव होते, धंद्याची जागा रिकामी होती. हे आम्ही समीक्षकांना बोलून दाखविले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी वही मिटली.

नेमक्या त्या शांततेत कोंबडा आरवला.

चैत्यगृहाचा घुमट भिक्खूंच्या पठणासाठी असल्याने ध्वनी तेथे वाया जात नाही. एकाचे चार कोंबडे झाले. फ्रान्स की कुठल्या देशाच्या एका वृद्ध दांपत्याने आदराने छताकडे पाहिले. पहारेकरी धावत आला, "तरी विचारलं होतं देवीला का म्हणून!" असे म्हणत त्याने आम्हास बाहेर काढले, आणि रांग तेवढ्यात आणखी वाढली होती.

देवीचे दर्शन आम्ही कळसाला हात जोडून घेतले. घड्याळात दीड वाजून गेला होता. कोंबड्याचा पुढचा विधी पायथ्याशी करायचा असतो. पायथ्याशी आलो तेव्हा वेळ नव्हता हे खरे, परंतु वेळ असता तरी आमच्याच्याने ते झाले नसते हे त्याहून खरे. दुपारची लोकल बरीच उशिरा होती, टमटमला दोघांचे पैसे पुरत नव्हते. ओटीच्या दुकानातल्या बाईंनी कोंबड्याला हातात तोलून चाळीस रुपये देऊ केले. आम्ही घेतले. समीक्षकांनी सुतळी परत मागून खिशात ठेवली. ती कशासाठी, हे आजतागायत कळलेले नाही.

महाविद्यालयाच्या फाटकाशी आम्ही त्यांचा निरोप घेऊ लागलो, तेव्हा समीक्षकांनी आपल्या वहीमागून एक प्लॅस्टिकची फाईल काढली. तीत तेच पत्र होते. तोच मंगळवार, तीच वेळ.

"सांगणार होतो," ते म्हणाले.

"कधी?"

"वर. मग तू ते बायोडाटाचं बोललास."

आडनावांच्या वर्णक्रमाने आम्ही आधी आत गेलो. तीन गृहस्थ, एक पंखा. मधल्या गृहस्थांनी विचारले, मराठीतला पहिला शिलालेख कोणता? आम्ही छाती काढून अक्षी म्हणालो, शक सांगितला, साल सांगितले, तुळपुळ्यांचे नाव सांगितले. गृहस्थांचा चेहरा दर शब्दागणिक लांब होत गेला. "श्रवणबेळगोळ कुठे गेलं मग?" ते म्हणाले. "आम्ही तीस वर्षं काय चुकीचं शिकवलं?" या प्रश्नाला जे उत्तर होते ते देण्याजोगे नव्हते. उरलेली मुलाखत आमच्या कपाळावरचा गुलाल व शर्टावरचे एक तांबडे पीस यांकडे पाहण्यात गेली.

बाहेर येताच समीक्षकांनी विचारले, "काय विचारलं?" आणि आम्ही सांगितले. सगळे सांगितले, चेहऱ्यासह. हे का केले, याचा विचार आम्ही वीस वर्षे करतो आहोत. सवय असावी, दोन वर्षे प्रत्येक पेपरनंतर हेच केले होते.

समीक्षक आत गेले व श्रवणबेळगोळ म्हणाले. जागा त्यांना मिळाली.

परतीच्या लोकलमध्ये आम्ही दाराशी उभे राहिलो, ते खिडकीशी बसले. कामशेतनंतर ते उठून आले. वडील मार्चपासून अंथरुणाला खिळून आहेत, बोलणे गेले आहे, हे त्यांनी सांगितले. आम्ही त्यांच्याबरोबर एका खोलीत राहिलो होतो, त्यांच्या कवितांवर मते दिली होती, आणि घरी कसे आहेत हे मार्चनंतर एकदाही विचारले नव्हते. तरी राग गेला नाही. तो जायला तीनेक वर्षे लागली. त्यांचे मानधन वर्ष संपल्यावर एकरकमी आले, तेव्हा त्यांनी टमटमच्या भाड्यातला निम्मा वाटा, वीस रुपये, पाकिटात घालून पाठविला. पाकिटात पत्र नव्हते. आम्ही ते वीस रुपये बरेच दिवस तसेच ठेवले, मग एका महिन्याच्या अखेरीस पासात गेले.

आईला आम्ही सांगितले होते की नवस फेडला, देवीने ऐकले नाही. आईने देवीची बाजू घेतली. म्हणाली, तुझ्या मनात खोट असेल. हे तिने किती नेमके म्हटले होते! सात वर्षांनी, २०११ मध्ये, आम्हाला कायम नोकरी लागली, तेव्हा ती पेढे घेऊन कार्ल्याला गेली. आम्ही परीक्षेच्या कामाचे निमित्त सांगितले. पुढे आमच्या विद्यार्थ्यांच्या सहली आम्ही दरवर्षी कार्ल्याला नेऊ लागलो, खांबावरचा गंधी व सुतार दाखवू लागलो, आता थोडी ब्राह्मीही येते. पण ओटीच्या दुकानांसमोरून जाताना पाऊल आपोआप झपझप पडते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या रात्री समीक्षकांचा कोकणातून फोन आला. ते तेथे प्राध्यापक आहेत. अक्षीला विद्यार्थ्यांना नेतात, आणि श्रवणबेळगोळ लिहिणाऱ्याचे गुण कापतात असे त्यांच्या विद्यार्थ्यांकडून कळते. ते म्हणाले, "अभिजात झालो आपण." आम्ही म्हणालो, "तासिका तत्त्वावर की कायम?" आमच्या विभागात आजही दोन मुली तासांवर शिकवतात. दोघी सेट झालेल्या आहेत आणि आमच्यापेक्षा चांगले शिकवतात. त्यांतली एक त्याच आठवड्यात मुलाखतीला जाऊन आली होती. आम्ही तिला, काय विचारले, असे विचारले नाही.

फोन ठेवल्यावर काय वाटले कोण जाणे, आम्ही आईला सारे सांगून टाकले. कोंबडा, दुकान, चाळीस रुपये, टमटम. आई आता सत्तरी ओलांडलेली, ऐकायला थोडी कमी येते. आम्हाला ते मोठ्याने सांगावे लागले, त्यामुळे शेजारच्यांनाही कळले. ती बराच वेळ काही बोलली नाही. आम्ही देवीच्या कोपाविषयी ऐकायची तयारी केली.

"चाळीस?" आई म्हणाली. "अरे, दीडशेचा होता तो! आणि मेल्या, एवढं शिकलास, भाव नाही केलास?"

मग तिने बोटांवर काहीतरी मोजले. वीस वर्षांचे झाले, एकाने भागायचे नाही, दोन लागतील. समीक्षकांना फोन करून कळविले. ते म्हणाले, दुसरा माझ्याकडून, आणि येताना सुतळी मी आणतो.