प-वर्ग

गाठ सौम्य आहे असे सांगितले की रुग्णाबरोबर आलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर जो विसावा उतरतो, त्याची मला गेली कित्येक वर्षे थोडी धास्तीच वाटत आली आहे. सौम्यपणा हा पेशीच्या स्वभावाचा असतो. ती जेथे ठाण मांडून बसते त्या जागेशी त्याचा काही संबंध नाही. श्रवण आणि तोल सांभाळणाऱ्या आठव्या मज्जातंतूवर उद्भवणारे हे अर्बुद वर्षाकाठी बहुधा एकदोन मिलिमीटर वाढते, पुष्कळदा तेवढेही वाढत नाही, आणि शरीरात अन्यत्र कोठे पसरतही नाही. परंतु त्याचा मुक्काम कवटीच्या तळाशी, कानाच्या हाडातील बोगद्याच्या तोंडाशी, लहान मेंदू आणि मस्तिष्कस्तंभ यांच्या बेचक्यात असतो, आणि त्या मुलखात तसूभर जमीनदेखील बिनवारशी पडलेली नाही.

मज्जातंतूंवर वेष्टन चढविणाऱ्या पेशींना थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव मिळाले आणि त्यावरून ह्या गाठीला श्वानोमा म्हणू लागले. हे नाव ऐकून एका निवृत्त शिक्षिकेने, यजमानांना कुत्रे कधीच चावले नव्हते हो, असे मला काकुळतीने सांगितले होते. तेव्हापासून मी नुसते 'नसेवरची गाठ' म्हणतो.

लाखात वर्षाला एखाददुसऱ्यालाच होणारा हा विकार असल्यामुळे तो प्रथमदर्शनी कोणाच्या ध्यानात येत नाही. मळ काढून होतो, थेंब घालून होतात, वयोमानाचा दाखला दिला जातो. १९८०च्या दशकात वाईहून माझ्याकडे आलेल्या एका वैदिक गुरुजींचीही तीन वर्षे अशीच गेली होती. मात्र त्यांनी आपली कैफियत ज्या शब्दांत मांडली, ते शब्द मी पुढे विद्यार्थ्यांना सांगत आलो. उजव्या बाजूला बसलेला मुलगा संथा म्हणतो तेव्हा, ते म्हणाले, "आवाज येतो, अक्षर येत नाही." कान जुना झाला की आवाज आणि अक्षर बहुधा जोडीनेच खालावतात, पण मज्जातंतूच दाबला गेला असेल तर नुसता स्वर बऱ्यापैकी पोहोचतो आणि शब्दाचा मात्र चुरा होतो. श्रवणमापनाच्या आलेखावरून जे आम्ही काढले असते, ते गुरुजींनी एका वाक्यात काढून दिले होते. कपाळावर टेकविलेल्या नादकाट्याचा नाद त्यांना डाव्या, म्हणजे धडधाकट कानात ऐकू आला, आणि उजव्या बुबुळाला कापसाचा तंतू लावला तर पापणी आळसावल्यासारखी मिटली. त्यावरून पाचव्या नसेलाही धक्का पोहोचला असल्याचे, म्हणजे गाठ चांगलीच मोठी असल्याचे, चित्रे काढण्यापूर्वीच कळून चुकले. सीटी स्कॅनने फक्त मोजमाप पुरविले: तीन सेंटिमीटर.

हार्वे कुशिंगने १९१७ साली ह्या गाठींवर ग्रंथ लिहिला तेव्हा त्याचा रिवाज असा होता की गाठ आतून पोखरून काढावी आणि कवच जागच्या जागी राहू द्यावे. त्यामुळे शस्त्रक्रियेत दगावणाऱ्यांची संख्या पुष्कळ घटली, पण मागे ठेवलेले कवच पुन्हा भरून येई. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या वॉल्टर डँडीने कवचासकट सर्व गाठ काढण्याचा आग्रह धरला, आणि त्याची किंमत बहुधा रुग्णाच्या चेहऱ्याने मोजली. १९६०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउसने ह्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला, आणि चेहऱ्याची सातवी नस वाचविणे ही आशा न राहता अपेक्षा झाली. आमच्या पिढीपाशी यंत्र हाउसचे होते. महत्त्वाकांक्षा मात्र डँडीची होती.

सातवी नस गाठीच्या पुढल्या अंगाला ताणली जाऊन कांद्याच्या पापुद्र्यासारखी पसरलेली असते, आणि आम्ही मागून शिरतो, म्हणजे जिला सर्वांत जपायचे ती सर्वांत शेवटी दृष्टीस पडते. त्या दिवशी आठ तास होऊन गेले होते, गाठीचा भातशितासारखा एक शेष बोगद्याच्या तोंडाशी नसेला चिकटून राहिला होता, आणि भूल देणाऱ्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी, "आता पुरे नाही का?" असे अगदी सहज विचारले होते. मी तो शेष काढला. नस तुटली नाही, सलग दिसत होती, आणि बाहेर येऊन संपूर्ण गाठ निघाल्याचे मी ज्या सुरात सांगितले तो सूर आठवला की आजही संकोच वाटतो.

गुरुजींचा उजवा गाल उतरला तो उतरलाच. डोळा रात्री चिकटपट्टीने मिटावा लागे, चहा ओठांच्या कोपऱ्यातून ओघळे. पण त्यांची तक्रार ह्यांपैकी कशाचीच नव्हती. "प-वर्ग गेला," ते म्हणाले. ओठ घट्ट मिटत नसल्यामुळे प, फ, ब, भ यांतून वारा निसटत होता, आणि ज्याचे सारे आयुष्य अक्षर जसेच्या तसे पुढे सोपविण्यात गेले, त्याला ती वंचना वाटत होती. वर्ष उलटूनही नस जागी होईना, तेव्हा जिभेची नस गालाच्या नसेला जोडण्याची तजवीज मी त्यांना सुचविली. मग जीभ दाबून चेहरा हलवायला शिकावे लागते, आणि जिभेचा अर्धा भाग हळूहळू सुकतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे ओष्ठ्यांसाठी दंत्य आणि मूर्धन्य गहाण टाकायचे," एवढे बोलून ते उठले.

आता नसेला स्पर्श होताच खूण करणारे यंत्र कानाशी वाजत असते, आणि पापुद्रा सुटत नसेल तर मी तो राहू देतो. तो वाढलाच तर किरणांची सोय आहे, जी लार्स लेक्सेलने स्टॉकहोममध्ये १९६९ साली ह्या गाठीवर प्रथम वापरली. लहान गाठीला तर मी पुष्कळदा हातच लावत नाही, वर्षाचे वर्षाला एमआरआय पाहतो. कुशिंगने जे निरुपायाने केले ते आम्ही समजून-उमजून करू लागलो आहो. तरुण सहकाऱ्यांना हे थोडे भित्रेपणाचे वाटते, आणि मी त्यांच्याशी वाद घालीत नाही.

गुरुजी पुढे बरीच वर्षे शिकवीत राहिले. उजव्या हाताची तर्जनी ओठांच्या कोपऱ्यापाशी दाबून धरली की प-वर्ग नीट उमटतो, ही युक्ती त्यांनी स्वतःच शोधून काढली होती. हाताने स्वर दाखविण्याची वहिवाट त्यांच्या शाखेत होतीच, त्यामुळे नव्याने आलेल्या मुलांना तीही एक परंपरागत मुद्राच वाटली. एकदा वाईला गेलो असता ओसरीवर संथा म्हणत बसलेली सातआठ पोरे मी पाहिली, आणि पकार आला की त्या सर्वांची बोटे एकदम गालाला लागत होती.