आधी किडनी, मग बीपी

'बीपीनं किडन्या गेल्या' हे आमच्या घराण्यात आजोबांपासून चालत आलेलं वाक्य. आजोबा त्यातच गेले, अण्णा डायलिसिसवर होते, थोरल्या आत्याचं क्रिएटिनिन वाढत चाललेलं. तिशीच्या आतच माझं बीपी १६०/१०० निघालं, तेव्हा मीठ कमी कर, टेन्शन घेऊ नकोस, असंच सगळे म्हणाले. पहिल्या डॉक्टरांनीही नोकरीचा ताण म्हणत गोळी लिहून दिली.

गोळी घेऊनही आकडा उतरेना, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. बाईंनी दोन्ही हातांना बीपी मोजलं आणि औषधाचा विषय काढण्याआधी विचारलं, "घरात किडनीचा त्रास कुणाला? कितव्या वर्षी सुरू झाला?" मी सांगत गेले, त्या लिहीत गेल्या. मग लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि पोटाची सोनोग्राफी.

पोटावर गार जेल. "श्वास घ्या... धरा... सोडा." पडद्यावर उजव्या किडनीत काळे गोल दिसत होते, एकाला एक चिकटून. रेडिओलॉजिस्ट एकेका गोलावर कर्सर नेऊन माप घेत होते. डाव्या किडनीवर आल्यावर त्यांनी मोजणंच सोडलं. किडनीची लांबी साधारण दहा-अकरा सेंटिमीटर असते, माझ्या दोन्ही पंधराच्या वर होत्या. क्रिएटिनिन मात्र अगदी नॉर्मल.

पॉलिसिस्टिक किडनी. पाण्यानं भरलेल्या या गाठी वाढतात तशा आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या दाबतात. १९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीची रक्तवाहिनी चिमट्यानं आवळून त्यांचं बीपी चढवून दाखवलं होतं. माझ्यात चिमट्याचं काम गाठी करतात. दाबलेल्या भागाला रक्त कमी पोचतं, तो रेनिन सोडतो, त्यातून रक्तवाहिन्या आकसतात, मीठ-पाणी अंगात साठतं. किडनीचं काम बिघडण्याच्या कितीतरी आधी बीपी चढतं ते असं. मग तेच बीपी उलटून किडनीला मारतं, म्हणून घरचं वाक्य अर्धं खरं होतं. पण सुरुवात किडनीतून होती, आणि ती बघायला साधी सोनोग्राफी पुरली असती. अण्णांची कुणी वेळेत केली नाही, याचा मला आजही राग येतो.

बहुतेक घराण्यांत दोष सोळाव्या गुणसूत्रावरच्या पीकेडी१ जनुकात असतो, थोड्यांत चौथ्यावरच्या पीकेडी२ मध्ये. आई-बापांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, तो मिळण्याची शक्यता निम्मी.

आता मी टेल्मिसार्टन घेते, ती याच रेनिनच्या साखळीवर काम करते. गरोदरपणात ती चालत नाही, त्यामुळे मुलीच्या वेळी आधीच औषध बदलून घेतलं होतं. डोकं दुखलं तरी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन परस्पर घ्यायची नाही. मुलीची सोनोग्राफी आत्ता करायची नाही असं आम्ही ठरवलंय, पण बालरोगतज्ज्ञ दरवर्षी तिचं बीपी मोजतात.

धाकट्या भावाची सोनोग्राफी स्वच्छ आली. आतेभाऊ काही तयार होईना. "ताई, लग्न ठरायचंय, कागदावर काही नको." त्याची भीती मला कळते, म्हणून सोनोग्राफीचा आग्रह सोडला; बीपी तरी मोजत जा, म्हटलं. गेल्या आठवड्यात १४८/९६ आल्याचं त्यानं स्वतःहून कळवलं. बाईंची शनिवारची वेळ घेतली आहे, मी सोबत जातेय.