शिक्षकांचें शिकणें

उपदेश करतांना मनुष्याचा आवाज किती गोड होतो, याचा अनुभव आम्हां अध्यापकांस जितका येतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणास येत असेल. गेल्या दिवाळीपूर्वीं शालेय शिक्षकांच्या एका प्रशिक्षणवर्गांत व्याख्यान देण्याचा योग आम्हांस आला. विषय होता ‘मागें पडणारा विद्यार्थी’. आम्ही दीड तास बोललों, टाळ्याही मिळाल्या. शेवटच्या रांगेंतील एक बाई मात्र साऱ्या वेळ मान खालीं घालून वह्या तपाशीत होत्या.

चहाच्या वेळीं आम्हीं त्यांस किंचित् टोंचून विचारलें. त्या शांतपणें म्हणाल्या, “सर, तुम्ही सांगितलेंत तें सारें खरें. पण माझ्या सातवींतल्या नऊ मुलांना एक ओळ धड वाचतां येत नाहीं. आज मी इथें. त्यांच्यापाशीं कोण बसणार? निदान वह्या तरी बघाव्यात म्हटलें.” मग त्यांनीं एका मुलीची वही पुढें केली. फळ्यावरील मजकूर मोत्यांसारख्या अक्षरांत उतरविलेला होता. “यांतला एक शब्द तिला वाचतां येत नाहीं,” बाई म्हणाल्या. ती मुलगी लिहीत नव्हती. अक्षरांचीं चित्रें काढीत होती.

तशी एक वही आम्हीं पूर्वीं पाहिली होती. पंचवीस वर्षांपूर्वीं खेड्यांतून आलेला एक विद्यार्थी आमचें इंग्रजी व्याख्यान शब्दन् शब्द टिपून घेई. भर वर्गांत आम्हीं त्या वहीचें कौतुक केलें. त्याला त्यांतलें काय कळलें, हें विचारण्याचें मात्र आम्हांस सुचलें नाहीं. वर्षअखेर तो नापास झाला आणि कॉलेज सोडून गेला.

बालकांच्या शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यानें प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून त्यास जरूर तेवढें अधिक शिकविणें हें शिक्षकाचें कर्तव्य ठरविलें. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें शिक्षकानें वर्षास निदान 50 तास स्वतःच्या शिक्षणास द्यावे असें सुचविलें. दोन्ही गोष्टी योग्यच. परंतु शिक्षकाचें शिकणें सभागृहांत आणि मुलाची अडचण वर्गांत, अशी ताटातूट झाली तर दोन्ही व्यर्थ. त्या पन्नासांतले निम्मे तास दोन शिक्षकांनीं एकमेकांच्या वर्गांत बसून, एकच वही मध्यें ठेवून घालविले तर?

ही कल्पना आमची नव्हे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं 1945 सालीं बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें. गरिबांचीं मुलें बालवाडींत येईनात, तेव्हां त्यांनीं बालवाडीच मुलांच्या अंगणांत नेली. अंगणवाडी या शब्दाचें मूळ तेथें आहे. मुलांच्या न येण्यापासून त्या स्वतः शिकल्या. याहून मोठें प्रशिक्षण तें कोणतें?

पुढच्याच शनिवारीं आम्ही त्या बाईंच्या वर्गांत जाऊन मुलीशेजारीं बाकावर बसलों. तासाभरांत तिला तीन शब्द वाचतां आले. निघतांना तिनें विचारलें, “पुन्हां कधीं याल?” दीड तासाच्या व्याख्यानानंतर हा प्रश्न आम्हांस कोणीं विचारला नव्हता. आतां दर शनिवारीं जातों.