हा ‘टक्’ कुठला?

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपण फूरिए पाहतो, नायक्विस्ट पाहतो आणि व्हायव्हाच्या आदल्या रात्री दोघांनाही शिव्या घालतो. पण सॅम्पल, बफर वगैरे मंडळी पुस्तकाबाहेर खरोखर राहतात, हे मला समजलं ते आजीमुळे!

आजी 81 वर्षांची. साताऱ्याकडच्या आमच्या गावी असते. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. किती, ते तिलाही सांगता येत नाही. “खुंटा हातात आला की आपसूक येत्यात बघ,” एवढंच म्हणते. गिरणी आल्यापासून जातं फक्त लग्नाच्या हळदीपुरतं उरलं. आता तिला दम लागतो, मधल्या ओळी निसटतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत त्या रेकॉर्ड करायच्या ठरवल्या. फोनवर आधी करून पाहिलं होतं, पण फोन आपल्याच अकलेने आवाजाची पातळी वर-खाली करत होता. आजी थांबली की जातं मोठं, आजी गायला लागली की जातं गायब! मग एका सीनियरचा ऑडिओ इंटरफेस आणि माइक मागून आणला.

सुट्टीला चार दिवस होते. होस्टेलवर चाचणी घेतली आणि आवाजात ‘टक्... टक्... चर्र...’ सुरू झालं. रूमवर लगेच तज्ज्ञ समिती बसली. एक म्हणाला केबल, दुसरा म्हणाला विंडोज नव्याने टाक, तिसरा म्हणाला इंटरफेसच गेलाय. सगळं एकदम बदलून टाकायचा मोह मलाही होत होता. पण मग दुरुस्त झालं तरी कशामुळे झालं ते कळणार नाही. आणि गावात ते पुन्हा सुरू झालं तर विचारायचं कुणाला? म्हणून ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिला प्रश्न : खराबी रेकॉर्डिंगमध्ये आहे की ऐकण्यात? यासाठी साधी युक्ती आहे. एकच फाईल दोन-तीनदा ऐकायची. ‘टक्’ दर वेळी नव्या जागी आला तर फाईल ठीक, वाजवताना गडबड आहे. त्याच सेकंदाला आला तर तो फाईलमध्येच बसलाय. माझा ‘टक्’ दर वेळी 14व्या सेकंदाला हजर! ऑडॅसिटीमध्ये लहर मोठी करून पाहिली, तर गुळगुळीत रेघ मध्येच तुटलेली. म्हणजे मधले सॅम्पल कायमचे गेले होते.

दुसरा प्रश्न : आवाज कसा बिघडलाय? बिघडलेला आवाज आपलं कारण बऱ्याचदा स्वतःच सांगतो. फक्त मोठ्या सुरालाच फाटत असेल, तर गेन जास्त आहे आणि लहरीची डोकी कापली जातायत. एकसारखी घूं असेल, तर 50 हर्ट्झची वीज किंवा अर्थिंग. चार्जर काढून बघावा. आवाज नेहमीपेक्षा चिरका नि घाईत येत असेल, तर 44,100चं रेकॉर्डिंग 48,000च्या वेगाने वाजतंय. आणि आवाजाच्या चढउताराशी काहीही संबंध नसलेला, मनाला येईल तेव्हा येणारा ‘टक्’ असेल, तर संशय बफरवर.

बफर म्हणजे काय? होस्टेलचा नळ डोळ्यांसमोर आणा. पाणी थांबत नाही आणि आपल्याकडे बादल्या दोन. एक भरली की दुसरी लावायची आणि ती भरायच्या आत पहिली रिकामी करून यायचं. उशीर झाला की पाणी सांडलं. माझी बादली 256 सॅम्पलची होती. सेकंदाला 44,100 सॅम्पल येतात, म्हणजे ती 5.8 मिलिसेकंदांत भरणार. त्यात यूएसबीवर आवाज ज्या पद्धतीने जातो, तिच्यात हरवलेलं पॅकेट पुन्हा मागायची सोयच नाही. पेन ड्राइव्हची फाईल थांबून, पुन्हा मागून पूर्ण करता येते. आवाज कुणासाठी थांबत नाही.

मग बादली रिकामी करणारा प्रोसेसर कुठे अडकत होता? दुसरी केबल लावली : टक्. दुसरं पोर्ट : टक्. दुसऱ्या मुलाच्या लॅपटॉपवर तोच इंटरफेस : शांतता! म्हणजे इंटरफेस निर्दोष सुटला. मग माझ्या लॅपटॉपवर ‘लेटन्सीमॉन’ चालवलं. कोणता ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडकवून ठेवतो, ते हे सॉफ्टवेअर दाखवतं. यादीत सगळ्यात वर होता वायफायचा ड्रायव्हर. वायफाय बंद केलं आणि दहा मिनिटं रेकॉर्ड केलं. एकही ‘टक्’ नाही. चालू केलं, ‘टक्’ परत. पुन्हा बंद, पुन्हा गायब. आता खात्री पटली.

शिवाय बफर 1024 केला, म्हणजे 23 मिलिसेकंदांची सवड. बफर वाढवला की कानात आवाज उशिरा येतो, गिटार वाजवणाऱ्याला ते चालत नाही. पण आजी काही हेडफोन लावून दळणार नव्हती!

गावी अंगणात जातं मांडलं, लॅपटॉप बॅटरीवर, वायफाय बंद. आजीने मूठभर ज्वारी घातली आणि सुरू झाली. तिसऱ्या-चौथ्या ओवीत तिने एक नाव गुंफलं, ते मी कधी ऐकलंच नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाली, “माझी धाकटी बहीण. लहानपणीच गेली.” बाबांनाही हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीच ओवी पुन्हा म्हणायला सांगितली, तर तिला आठवेना. नेमका त्या नावावर ‘टक्’ पडला असता तर? त्या जागी काय होतं, हे कुठल्या सॉफ्टवेअरने सांगितलं असतं?

होस्टेलवर परतल्यावर एका मित्राने मदतीचा हात पुढे केला, “मागची घरघर काढून टाकू, दोन क्लिकचं काम आहे.” मी नको म्हटलं. आजी जात्याच्या फेऱ्यावरच ओवी तोलते, ओळ कुठे लांबवायची ते खुंटाच ठरवतो. तांत्रिक भाषेत ती घरघर ‘नॉइज’ असेलही, पण तो आवाज आमच्या अंगणातला आहे. ‘टक्’ मात्र कुणाचाच नव्हता.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रकल्पात गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर त्यातल्या अनेक ऐकायला मिळतात, जरूर ऐका. पण त्यात तुमची आजी असेलच असं नाही. तेव्हा मंडळी, सबमिशनं होतच राहतील. या सुट्टीत घरी जाल तेव्हा कुणाचा तरी आवाज नीट साठवून ठेवा.

आणि हो, आधी वायफाय बंद करा!