क्लच उघडण्यापूर्वी



घरच्या मारुती ८००चा क्लच अंगणातच बदलता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र या कामात बदलायचा भाग लहान आणि त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट लांब असल्याने, पाना हातात घेण्यापूर्वी केलेले निदान आणि भाग उघडा पडल्यावर केलेली पाहणी, या दोहोंवरच त्याचे यशापयश ठरते. १९८३ ते २०१४ या काळात भारतात तयार झालेली, ७९६ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरी इंजिनाची ही गाडी अशा कामास सोयीची आहे; तिचा क्लच केबलवर चालतो आणि गिअरबॉक्स दोन माणसांना हाताने उतरवता येण्याइतका हलका असतो.

पेट्रोलचे इंजिन शून्य वेगापासून ओढ देऊ शकत नाही, म्हणून फिरते इंजिन आणि स्थिर चाके यांची गाठ हळूहळू घालून देणारी यंत्रणा लागते. क्रँकशाफ्टच्या टोकाला बसवलेले जड चाक म्हणजे फ्लायव्हील, त्यावर बोल्टांनी आवळलेल्या कव्हरातील दाब देणारी लोखंडी कडी म्हणजे प्रेशर प्लेट, आणि या दोहोंमध्ये धरली जाणारी, दोन्ही अंगांना घर्षणद्रव्याचे अस्तर रिव्हेटांनी जडवलेली चकती म्हणजे क्लच प्लेट होय. हिच्या मध्यभागी असलेला आतून दातेरी हब गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर पुढे-मागे सरकतो. दाब देण्याचे काम उथळ बशीच्या आकाराची डायफ्राम स्प्रिंग करते. पेडल दाबले असता केबल फोर्कला ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला त्या स्प्रिंगच्या बोटांवर ढकलतो, आणि दाब सुटून चकती मोकळी होते.

चकती झिजते ती गाडी धावताना नव्हे, तर पकडता-सोडताना घसरते तेव्हा, आणि त्या घसरण्याचा हिशेब मांडता येतो. इंजिनाचा वेग कायम ठेवून सपाट रस्त्यावर गाडी उठवली, तर क्लचमधून जाणाऱ्या कार्याचा निम्मा भाग गतीत आणि निम्मा उष्णतेत जातो. माणसांसह आठशे किलो भरणारी गाडी ताशी १० किलोमीटर वेगास पोचेपर्यंत सुमारे ३ किलोज्यूल उष्णता अस्तरात आणि फ्लायव्हीलमध्ये मुरते. हीच गाडी दहास एक अशा चढावर, इंजिन मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर ठेवून, ब्रेकऐवजी हाफ क्लचवर अर्धा मिनिट अडवून धरली, तर ढोबळ गणिताने साठ किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे वीसेक वेळा गाडी उठवण्याइतकी उष्णता तयार होते. घाटात कोंडीत अडकलेल्या गाड्यांमधून जळका वास येतो तो यामुळेच, आणि नवी प्लेट किती टिकेल हे तिच्या किमतीपेक्षा चालकाच्या डाव्या पायावर अधिक अवलंबून असते.

निदानाच्या बाबतीत पहिली पायरी केबलची असते. अस्तर झिजले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या दिशेने सरकते आणि डायफ्रामची बोटे उलट, रिलीज बेअरिंगकडे येतात; त्यामुळे पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे दाब जाणवण्यापूर्वीचा सैल प्रवास, कालांतराने कमी होतो. तो पूर्ण संपला असल्यास बेअरिंग बोटांवर सतत टेकून राहते आणि चांगली प्लेटही स्लिप होऊ लागते, म्हणून गिअरबॉक्सला हात लावण्यापूर्वी केबलचा नट फिरवून हा खेळ गाडीच्या पुस्तिकेतील मापानुसार करून पाहावा. त्यानंतरही वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरत नसेल, तर प्लेट गेली असे समजावे. पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स गिअर कर्कश आवाज करत पडत असेल, तर क्लच पुरता सुटत नाही, आणि त्यामागे ताणलेली केबल हे साधे कारणही असू शकते. आवाजावरूनही बोध होतो: पेडल दाबल्यावर सुरू होणारी घरघर बहुधा रिलीज बेअरिंगची असते, तर गाडी न्यूट्रलमध्ये असता येणारा आणि पेडल दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्समधील इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा असतो, तो क्लच बदलून जात नाही.

प्रत्यक्ष कामात सर्वांत मोठा धोका गाडीखाली शिरण्याचा आहे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. म्हणून कडक आणि सपाट जमिनीवर मागची चाके अडवून गाडी भक्कम स्टँडवर ठेवावी, विटांच्या थरावर कधीही ठेवू नये, आणि असे स्टँड उपलब्ध नसतील तर हे काम घरी करण्याचा विचार सोडून द्यावा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढणे, गिअर ऑइल निथळणे, केबल, स्टार्टर, गिअरची जोडणी आणि दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट सोडवणे, ही कामे क्रमाने उरकतात. गिअरबॉक्सचे माउंटिंग सोडण्यापूर्वी इंजिनाला खालून लाकडी ठोकळा ठेवून आधार द्यावा लागतो, आणि गिअरबॉक्स सरळ रेषेतच मागे घ्यावा लागतो. तो तिरका लोंबकळला तर त्याचे सगळे वजन इनपुट शाफ्टमार्गे हबवर येते, आणि बसवताना असे झाल्यास नवी प्लेट वाकते.

भाग उघडे पडल्यावर आत साचलेली काळी भुकटी फुंकू नये किंवा हवेच्या दाबाने उडवू नये, कारण जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. यानंतरची पाहणी हा या कामाचा गाभा होय. रिव्हेटांची डोकी अस्तराच्या पातळीला आली असतील तर झीज नैसर्गिक आहे. परंतु अस्तर जाड असूनही चकचकीत किंवा तेलकट असेल, तर दोष अन्यत्र आहे. गडद इंजिन ऑइल फ्लायव्हीलच्या मागून उतरत असेल तर क्रँकशाफ्टचे मागील ऑइल सील, आणि गंधकासारख्या उग्र वासाचे ऑइल इनपुट शाफ्टभोवती आढळल्यास गिअरबॉक्सचे सील बदलावे लागते. ते न बदलता बसवलेली नवी प्लेट थोड्याच काळात पुन्हा भिजते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक भेगा दिसल्यास ते लेथवाल्याला दाखवावे. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग हा संच एकत्रच बदलावा, कारण वाचवलेल्या बेअरिंगपायी हीच सारी उस्तवार पुन्हा करावी लागते.

जोडणीत प्लेटची बाजू उलटी होऊ न देणे महत्त्वाचे असते, कारण उलटी बसलेली चकती सुटत नाही. फ्लायव्हीलकडची बाजू बहुधा तिच्यावर छापलेली असते. चकती नेमकी मध्यावर येण्यासाठी इनपुट शाफ्टच्या आकाराचा अलाइनमेंटचा दांडा, किंवा फिटर मंडळी वापरतात तसा जुना इनपुट शाफ्ट, हबमध्ये घालून ठेवावा, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळून अखेरीस टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला आणावेत. शाफ्टच्या दात्यांवर ग्रीसचा केवळ पातळ हात फिरवावा, कारण जास्तीचे ग्रीस फिरताना उडून अस्तरावर जाते. गिअरबॉक्स इंजिनाला पूर्ण टेकत नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नये. दाते जुळलेले नाहीत एवढाच त्याचा अर्थ असतो, आणि जोर केल्यास ॲल्युमिनियमच्या घराचे कान तडकतात.

घरी काम केल्याने मजुरी वाचते हे खरे, परंतु अधिक मोलाची असते ती उसंत. गर्दीच्या गॅरेजात संध्याकाळपर्यंत गाडी द्यायची असल्याने तेलाचा डाग पुसून पुढे जाण्याचा मोह होतो, तर अंगणात ते तेल कोठून आले हे शोधून सील आणण्यास दुसरा दिवस घेता येतो. तेवढी सवड नसेल, तर गाडी विश्वासू फिटरकडे सोपवणेच शहाणपणाचे ठरेल.

गाडी खाली घेण्यापूर्वी गिअर ऑइल भरल्याची खात्री करून घ्यावी आणि पेडलचा खेळ नव्याने लावावा.