क्रोशाच्या रुमालाखालचा डबा

आमच्या बैठकीच्या खोलीत, कपाटावर, घड्याळाच्या शेजारी एक काळा डबा आहे. 2012 मध्ये भाईजानने तो दुबईहून आणला. आकाराने तीन खणांच्या टिफिनएवढा. आत दोन हार्ड डिस्क आणि एक छोटासा संगणक. दुकानदार त्याला नॅस म्हणतात. आमच्या घरी तो 'अब्बांचा डबा', कारण त्यात अब्बांचा आवाज आहे.

मी लहान असताना अब्बा कुवेतला नोकरीला होते. फोन महाग, पत्राला पंधरा दिवस. मग रत्नागिरीकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ते कॅसेट पाठवायचे. कोकणातल्या कितीतरी मुस्लिम घरांत अशा कॅसेट आल्या असतील. अब्बा प्रत्येकाशी नाव घेऊन बोलत. मला तेराचा पाढा विचारत, आणि उत्तरासाठी थोडं थांबतही. मी इकडे टेपरेकॉर्डरसमोर बसून पाढा म्हणायची. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि त्यानंतर अब्बा कायमचे घरी आले. कॅसेट पत्र्याच्या पेटीत राहिल्या. अब्बांच्या इंतकालानंतर पेटी उघडली तेव्हा अकरापैकी दोन कॅसेट बुरशीने गेलेल्या होत्या. उरलेल्या नऊ भाईजानने संगणकावर उतरवून या डब्यात ठेवल्या. सोबत लग्नांचे फोटो, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका.

गेल्या पावसाळ्यात मी नवा लॅपटॉप घेतला आणि त्याला हा डबा दिसेचना. डबा चालू, वायर ठीक, पण लॅपटॉप म्हणे असं काही अस्तित्वातच नाही.

धाकट्या बहिणीचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तो सुट्टीत आला आणि पाच मिनिटांत निदान केलं. "खाला, दोघांची भाषा वेगळी झालीय." डबा एसएमबी 1 नावाच्या जुन्या पद्धतीने फायली देतो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला तो याच जुन्या पद्धतीतल्या एका दोषातून. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्याने बसवलेल्या विंडोज 10 मध्ये ती पद्धत आपोआप येत नाही. लॅपटॉपवर ती पुन्हा चालू करता येते, पण ते म्हणजे डब्यासाठी घराचं दार सताड उघडं टाकण्यासारखं. खरा इलाज डब्याला नवी भाषा शिकवण्याचा. आणि डबा बनवणाऱ्या कंपनीने त्याच्या सुधारणा देणं केव्हाच बंद केलेलं.

"मग बाहेरचा पॅच टाकू," तो म्हणाला. "अनधिकृत आहे, पण चालतो."

'अनधिकृत' या शब्दाने मी दचकले. मराठीत तो शब्द बांधकामाच्या नोटिशीवर असतो. मी सरळ विचारलं, बेटा, ही चोरी तर नाही? चोरीचं सॉफ्टवेअर मी घरात येऊ देत नाही, मुलांना तेच शिकवते. तो हसला नाही, हे मला आवडलं. त्याने समजावलं की डब्यात फायली वाटण्याचं काम सांबा नावाचं सॉफ्टवेअर करतं आणि ते मुळातच सर्वांसाठी खुलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते लिहायला घेतलं. एस, एम आणि बी ही अक्षरं असलेले शब्द त्यांनी शब्दसूचीत शोधले, त्यातून 'सांबा' हे नाव निघालं. त्याचा परवानाच असा की कुणीही ते वाचावं, दुरुस्त करावं, पुढे द्यावं. म्हणजे 'अनधिकृत' याचा अर्थ इतकाच की कंपनीचा शिक्का नाही. बिघडलं तर कंपनी हात वर करणार.

पॅच म्हणजे ठिगळ. उर्दूत पैवंद. पण उर्दूत झाडाच्या कलमालाही पैवंदच म्हणतात, आणि आम्ही हापूसच्या मुलखातली माणसं. कलम कुणी बांधलं, काडी कोणत्या झाडाची, हे विचारल्याशिवाय आमच्याकडे कुणी रोप घेत नाही.

म्हणून मी विचारत राहिले. त्याने फाईल उतरवली आणि 64 अक्षरांचा एक आकडा जुळवून दाखवला: फाईलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी हा आकडा बदलतो. आकडा कुठून घेतलास? "त्याच पानावरून." मग ज्याने पेपर लिहिला त्यानेच मार्क दिल्यासारखं झालं की! फाईल वाटेत खराब झाली नाही एवढं त्यातून कळतं. बनवणारा कोण ते कळत नाही. तो जरा गप्प झाला. नंतर त्याने कुणा एकाची तयार फाईल सोडून दिली आणि एन्टवेअर हा स्वयंसेवकांचा जुना संग्रह निवडला. तिथे प्रत्येक वस्तू कशी बनवली त्याची कृती उघडी ठेवलेली असते. शिवाय तो आपल्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो, कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरवर लिहीत नाही. नको वाटलं तर काढता येतं. मला हेच हवं होतं.

तरीही माझी अट होती: आधी सगळ्याची प्रत. "खाला, आत दोन डिस्क आहेत, आरशासारख्या. एक गेली तर दुसरी आहेच." मी म्हटलं, आरशासमोरचा माणूस पडला तर आरशातलाही पडतो. चुकून पुसलं तर दोन्हीकडून पुसलं जाणार.

प्रत काढायला डबा खाली घेतला. त्यावर अम्मीने विणलेला क्रोशाचा रुमाल असतो, धुळीसाठी. रुमाल उचलला आणि समोर लाल दिवा. दोनपैकी एक डिस्क बंद पडली होती. केव्हा, ते अल्लाह जाणे. कित्येक महिने अब्बांचा आवाज एकाच जुन्या डिस्कवर होता आणि आम्ही त्यावर रुमाल घालून निवांत होतो. मी पलंगावर बसलेच.

मग पॅच वगैरे बाजूला. बाजारातून नवी डिस्क आणली, डब्याला जोडली. सेकंदाला साधारण दहा मेगाबाईट या चालीने 400 गिगाबाईट जायला अकरा तासांहून जास्त लागतात. बाहेर पाऊस, लाइटचा भरवसा नाही. डबा इन्व्हर्टरवर टाकला आणि मी रात्रभर दर तासाला उठून पाहिलं. फजरपर्यंत कॅसेटचं फोल्डर उतरलं होतं. नऊच्या नऊ फायली मी उघडून ऐकल्या; नुसती नावं दिसली म्हणजे फाईल शाबूत असते असं नाही.

पॅच दुसऱ्या दिवशी बसला. जुना सांबा थांबवून नवा चालू केला, कारण 445 क्रमांकाच्या एकाच दारात दोघे उभे राहू शकत नाहीत. लॅपटॉपला डबा दिसला. संध्याकाळी लाइट गेली, इन्व्हर्टरही संपला, आणि डबा पुन्हा सुरू झाला तो जुना सांबा घेऊनच! सुरू होताना कोणाला उठवायचं ती ओळ लिहायची राहिली होती. ती लिहिली.

तुम्ही म्हणाल, कशाला हा उपद्व्याप, जुनं आहे तसं चालू द्यायचं. पण जून 2021 मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या डब्यांचं काय झालं ते भाच्याने सांगितलं. त्यांची शेवटची सुधारणा 2015 ची. ते इंटरनेटला उघडे होते, कुणीतरी दुरून आज्ञा दिली आणि लोकांच्या वर्षानुवर्षांच्या फायली एका फटक्यात पुसल्या गेल्या. आमच्या डब्यातल्या 2012 च्या सांबामध्येही मे 2017 ला उघड झालेला एक गंभीर दोष होताच. आता डब्याची बाहेरची वाट राउटरमधून बंद केली आहे. घरात चालतो तेवढा पुरे.

मेलेली डिस्क बदलली. प्रतीची डिस्क बहिणीच्या घरी चिपळूणला आहे, दर ईदला येते आणि ताजी होऊन जाते. अम्मी मात्र नाराज आहे. इतक्या मेहनतीने विणलेला रुमाल आता टीव्हीच्या रिमोटवर का घातलाय, असं तिने परवा पुन्हा विचारलं.