टोकन घेऊन झोपू नये

आजोबा रेल्वेत पॉइंट्समन होते. आमच्या गोंदियाच्या घरी जेवतानाही गप्पा गाड्यांच्याच. एकेरी मार्गावर ज्याच्या हाती टोकन, त्याचीच गाडी सुटणार. "अन् टोकन घेऊन ड्रायव्हर झोपला तर?" मी लहानपणी विचारलं होतं. "तर पूर्ण लाइन बसली ना बाप्पा!"

हे आठवलं थेट प्रॅक्टिकलच्या दिवशी. यावेळी ड्रायव्हर मीच लिहिला होता, लिनक्सचा! स्पिनलॉक घेतला अन् सोडायच्या आधीच एमस्लीप. 'शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक' असा मेसेज आला आणि मशीन गार. स्पिनलॉकसाठी थांबलेला प्रोसेसर जागीच फिरत राहतो. लॉकवालाच झोपला तर पुढे सरकणार कोण? झोपायचंच असेल तर म्यूटेक्स घ्यावा.

अशा नियमांत मोठेही अडकलेत. १ जुलै २०१२, आपल्याकडे पहाटेचे ५.३०. लीप सेकंदासाठी कर्नेलने टायमर इंटरप्टमध्ये घड्याळ एक सेकंद मागे घेतलं, पण हाय-रिझोल्यूशन टायमरांना कळवलंच नाही. ते सेकंदभर आधी वाजू लागले, जगभर कित्येक सर्व्हर फुकट राबत राहिले. सगळ्या प्रोसेसरांना कळवायचं काम इंटरप्टमध्ये करता येत नव्हतं. दुरुस्तीत ते जरा नंतर करायचं ठरलं.

आजोबांना सांगितलं. म्हणाले, "बरोबर आहे. पहिले टोकन जमा, मग चहा."

दुसऱ्या खेपेला माझं प्रॅक्टिकल निघालं.